लातूर-नांदेडहून मुलांकडे राहायला जाताना

लातूर पॅटर्न आणि नांदेडचे शिकवणी वर्ग यांच्या जोरावर मराठवाड्यातली मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली आणि पुण्या-मुंबईला गेली. अहमदपूर, निलंगा, मुखेड, कंधार, देगलूर इथल्या घरांतून गेलेल्या त्या मुलांची घरं आज वाकड, हिंजवडी, खराडी, हडपसरला आहेत आणि त्यांचे आई-वडील पासष्टी-सत्तरी ओलांडत आहेत. कुणी नातवंड सांभाळायला जातं, कुणी जोडीदार गेल्यावर, कुणी ऑपरेशननंतर. ‘थोडे दिवस’ म्हणून सुरू झालेला मुक्काम वर्ष-दोन वर्षांचा होतो. काहीजण दिवाळीनंतर पुण्यात आणि पेरणीच्या वेळी गावात, असे दोन्हीकडे राहतात.

अशा मुक्कामात तब्येत बिघडली की ‘पुण्याचं पाणी बाधलं’ असं म्हणून विषय मिटवला जातो. खरं कारण बहुधा निराळं असतं. गावी ओळखीचा डॉक्टर असतो, गोळ्यांचं पाकीट पाहूनच ओळखणारा औषधवाला असतो, ठरलेली जेवणाची वेळ असते, रोज पायाखालचा रस्ता असतो, ओट्यावर बोलायला माणूस असतो. या पाचही गोष्टी न मागता मिळालेल्या असतात, म्हणून त्या आरोग्याच्या गोष्टी आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. गाव सोडलं की पाचही एकदम सुटतात. नव्या घरात त्या कुणीतरी ठरवून उभ्या कराव्या लागतात. त्या कशा करायच्या, हे इथे क्रमाने सांगितलं आहे. मुलांनी वाचावं आणि आई-वडिलांनीही वाचावं.

घरात माणसं आहेत एवढ्यावर निर्धास्त राहू नये, हे सांगायला परदेशातलं एक उदाहरण उपयोगी पडतं. मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून अमेरिकेत गेलेल्या लोकांचं उत्पन्न आणि शिक्षण कमी असूनही त्यांचं आरोग्य अपेक्षेपेक्षा चांगलं दिसतं, असं १९८६ साली मार्कीडिस आणि कोरेल या संशोधकांनी मांडलं. ही गोष्ट पुढे ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ म्हणून ओळखली गेली. धूम्रपानाचं कमी प्रमाण, मुळात धडधाकट माणसंच स्थलांतर करतात ही वस्तुस्थिती, आजारी पडल्यावर मायदेशी परतणारे लोक आणि घट्ट कुटुंब, अशी कारणं त्यासाठी दिली जातात आणि त्यांवर वादही आहे. पण याच समाजातल्या वृद्धांमध्ये मधुमेह जास्त आढळतो आणि वाढलेल्या आयुष्यातली बरीच वर्षं चालण्या-फिरण्याच्या अडचणींत जातात, असंही पुढच्या अभ्यासांत दिसलं. आपल्याकडचं कुटुंबही असंच घट्ट आहे. त्याच्या जोडीला साखर, रक्तदाब, डोळे आणि पाय यांच्याकडे लक्ष हवं.

निघण्याआधी करायची कामं

निघायच्या पंधरा दिवस आधी गावच्या डॉक्टरकडे एक फेरी करा. लातूरला विवेकानंद रुग्णालयात किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात पूर्वी उपचार झाले असतील, तर तिथले डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, टूडी इको, रक्ताचे अहवाल एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. जुना ईसीजी तर आवर्जून ठेवा. पुण्यात अचानक छातीत दुखलं, तर आजच्या ईसीजीतला बदल नवा आहे की जुनाच, हे त्यावरून कळतं.

मग दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या गोष्टी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा:

- आजार आणि तो कोणत्या वर्षी लक्षात आला.
- प्रत्येक गोळीतल्या मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, घेण्याची वेळ.
- कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठलं किंवा त्रास झाला.
- झालेली ऑपरेशनं, बसवलेला स्टेंट, पेसमेकर.
- गावच्या डॉक्टरचा आणि औषधवाल्याचा फोन नंबर.
- तंबाखू, मिश्री, विडी यांची सवय. लाज वाटली तरी लिहा.

महिनाभराच्या गोळ्या सोबत घ्या. नवा डॉक्टर शोधायला आणि त्याची वेळ मिळायला तेवढा अवधी लागतो.

गुडघ्यासाठी कुणाकडून पुडी, चूर्ण किंवा नाव नसलेल्या गोळ्या चालू असतील तर तेही वहीत यायला हवं. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन् महिने घेतलेलं स्टेरॉइड गाव सुटल्यामुळे एकदम बंद झालं, तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब खाली येणं असे गंभीर त्रास होऊ शकतात. नव्या डॉक्टरला पुडीचं माहीतच नसेल तर कारण सापडत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. अशा गावात आयुष्यभर बोअरचं पाणी प्यायलेल्या माणसाची कंबर, मान, गुडघे ताठरले असतील तर ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडू नका. कोणत्या गावचं पाणी किती वर्षं प्यायलं, हे हाडांच्या डॉक्टरला सांगा.

दोन गावांचे दोन डॉक्टर

दोन्हीकडे राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. लातूरच्या डॉक्टरने रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन एका कंपनीचं लिहून दिलेलं असतं. पुण्यात डॉक्टर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लिहितात. पाकिटाचा रंग वेगळा, वरचं नाव वेगळं. आजोबा दोन्ही घेतात, कारण दोन्ही डॉक्टरांनीच दिलेल्या असतात. रक्तदाब खाली येतो, पहाटे लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. खुब्याचं हाड मोडलं तर पुढे महिने जातात. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळ्यांबाबत हेच घडू शकतं.

उपाय सोपे आहेत, पण ते नेमाने करावे लागतात.

एक, मुख्य डॉक्टर एकच ठरवा. वर्षातले जास्त महिने पुण्यात जाणार असतील तर पुण्यातला फॅमिली डॉक्टर, नाहीतर गावचाच. दुसऱ्या ठिकाणी गरज पडली तर वही दाखवूनच औषध घ्यायचं.

दोन, नवी चिठ्ठी मिळाली की घरी असलेली सगळी पाकिटं पिशवीत भरून तीच पिशवी डॉक्टरच्या टेबलावर रिकामी करा. ‘यातलं काय चालू ठेवू आणि काय बंद करू?’ हा एकच प्रश्न विचारा. बंद झालेली पाकिटं त्याच दिवशी घरातून काढून टाका.

तीन, पाकिटावर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं. तेच वहीत उतरवायचं. जनऔषधी दुकानात मिळणाऱ्या स्वस्त गोळ्यांशी ताडून पाहायलाही तेच नाव लागतं.

चार, आठवड्याच्या गोळ्यांसाठी सकाळ-दुपार-रात्र असे खाने असलेली डबी आणा. रविवारी मुलाने किंवा सुनेने भरायची, पण आई-वडिलांना शेजारी बसवून. कोणती गोळी कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक असलं पाहिजे.

अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावा’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धाला विनाकारण लावलेलं सलाईन घातक ठरू शकतं. दुखण्यावरच्या गोळ्यांचंही तसंच. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेतली, तर मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो, पोटात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

रक्तदाब घरी मोजायला दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. महिन्यातून एकदा बसून आणि मग उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर ते डॉक्टरला कळवा. चक्कर येण्याचं कारण तिथेच सापडू शकतं.

डॉक्टरसमोर कुणी बोलायचं

पुण्यातल्या दवाखान्यात मुलगा रजा काढून आलेला असतो आणि त्याला घाई असते. डॉक्टर विचारतात आईला, उत्तर देतो मुलगा. ‘तिला काही नाही डॉक्टर, फक्त गुडघे दुखतात.’ आईला लघवीवर ताबा राहत नाही, अंगावरून पांढरं जातं, रात्र रात्र झोप नाही, हे मुलासमोर सांगता येत नाही. ते राहून जातं.

म्हणून आदल्या संध्याकाळी आईशी बोलून तीन तक्रारी वहीत लिहून न्या. तपासताना आधी तिला बोलू द्या, मग तुम्ही भर घाला. पाच मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीने बोलता येईल असं करा. शक्य असेल तर बाईमाणसाची तपासणी महिला डॉक्टरकडे न्या. सीमेकडच्या गावांत घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते, तांड्यावर गोरमाटी बोलतात. अशा आजीला दुखणं आपल्याच बोलीत नीट सांगता येतं. तेव्हा सोबत बोली जाणणारं मोठं माणूस हवं, शाळकरी नातवाला दुभाषी करू नका. नाजूक दुखणं लहान मुलाच्या तोंडून सांगायला आजीला संकोच वाटतो आणि पोराला त्यातलं अर्धं कळत नाही.

ऐकू कमी येणं आणि दिसायला कमी होणं यांकडे पहिल्याच महिन्यात पाहा. गावी ओळखीच्या आवाजांवर आणि सवयीच्या वाटांवर निभावून जातं. नव्या ठिकाणी तीच व्यक्ती ‘हल्ली विसरते, लक्ष नसतं’ अशी वाटू लागते. मोतीबिंदू काढून, चष्मा बदलून किंवा कानाचं यंत्र लावून हा ‘विसरभोळेपणा’ कित्येकदा कमी होतो. खरोखर स्मृतिभ्रंश असेल तर तोही जागा बदलल्यावर उघडा पडतो. घरातलंच बाथरूम न सापडणं, तोच प्रश्न दहादा विचारणं, पैशांचा हिशेब चुकणं दिसलं, तर वयावर न ढकलता मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. थायरॉइड आणि बी-१२ या दोन तपासण्या त्याआधी करून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेनेही स्मरणशक्तीवर परिणाम होतो आणि उपचाराने सुधारणा होऊ शकते.

जेवायची वेळ

गावी दिवेलागणीनंतर सात-साडेसातला जेवण होतं. पुण्यात मुलगा-सून नऊ-साडेनऊला येतात आणि ‘सगळे मिळून जेवू’ म्हणून आई-वडील थांबतात. साखरेची गोळी मात्र सवयीने सातलाच घेतली जाते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर दोन-अडीच तास पोटात काही गेलं नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम फुटणं, हात कापणं, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजा आणि मग जेवायला वाढा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करा.

मधुमेही आई-वडिलांना त्यांच्या वेळी जेवू द्या. सगळ्यांनी एकत्र जेवायची हौस सुटीच्या दिवशी दुपारी भागवता येते.

ताटाबद्दल थोडं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची किंवा चुक्याची भाजी, लातूरची तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी, करडईचं तेल ही आपल्याकडची बरी जेवणं आहेत. पुण्यात भाकरी थापायला वेळ नाही म्हणून चहासोबत खारी-बिस्किटं, रात्री मैद्याचं काहीतरी, असं सुरू होतं. आठवड्यातून चार-पाच दिवस तरी भाकरी होईल असं पाहा. मात्र भाकरी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातल्या पिठाचीही पोटात साखरच होते, म्हणून मोजून एक-दीड भाकरी आणि सोबत डाळ-भाजी जास्त. रक्तदाब असलेल्यांनी लोणचं, पापड, सांडगे आणि वरून मीठ टाळावं. दात नसल्यामुळे कुणी नुसतं वरण-भातावर आलं असेल, तर आधी कवळी बसवा. प्रथिनं कमी पडली की मांड्यांचे स्नायू झिजतात आणि खुर्चीतून उठणं अवघड होतं. दही, ताक, मूग, मटकी, चालत असेल त्यांना अंडं, यांतलं काहीतरी रोज पोटात जावं.

घरात पडू नये म्हणून

फ्लॅटमधली फरशी गुळगुळीत असते आणि बाथरूम ओलं. खर्च करायचा असेल तर पहिला तिथे करा. कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंतीत पक्के दांडे बसवा. टॉवेल अडकवायची दांडी त्या कामाची नाही, वजन पडलं की ती उखडते. न घसरणारी चटई, अंघोळीला प्लॅस्टिकचं भक्कम स्टूल, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि टाचेला पट्टा असलेल्या चपला, एवढं पहिल्या आठवड्यात करा. पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. लोळणारी पायपुसणी आणि वायरी उचलून टाका.

एक गोष्ट खास आपल्या भागातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आज सत्तरीत असलेली माणसं चाळिशीच्या आसपास होती. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातल्या अनेकांनी घरची माणसं ढिगाऱ्याखाली गमावली. अशा आई-वडिलांना अकराव्या मजल्यावर झोप लागत नसेल, दाराजवळच झोपायचा हट्ट असेल, तर हसू नका. विचारा, ऐकून घ्या. खालच्या मजल्यावर घर मिळत असेल तर तसं पाहा. जिना कुठे आहे, दार कसं उघडतं, इमारतीचे लोक अडचणीत कुठे जमतात, हे एकदा सोबत चालून दाखवा. तरीही झोप येत नसेल तर डॉक्टरांशी बोला. झोपेची गोळी मात्र परस्पर सुरू करू नका, तिच्यामुळे पडण्याचा धोका वाढतो.

दिवस कसा जातो ते पाहा

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत रोज एक फेरी मारणारा, आडतीवर भाव विचारून येणारा माणूस पुण्यात सोफ्यावर टीव्हीसमोर बसतो. दिवसाची चार-पाच हजार पावलं पाचशेवर येतात. साखर वाढते, वजन वाढतं, पोट साफ होत नाही. मनावरही परिणाम होतोच. वृद्धांचं नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसतं. जेवण कमी होणं, ‘अंगात त्राणच नाही’ म्हणत राहणं, अंघोळीचा कंटाळा, गावाकडचे फोन बंद होणं, ‘आता कशाला जगायचं’ असं सहज बोलून जाणं, या खुणा ओळखा. दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर डॉक्टरकडे न्या. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा ऐकली तर दोन आठवडेही थांबू नका.

दिवसाला आकार द्यायला तीन गोष्टी लागतात: बाहेर जायचं कारण, बोलायला समवयस्क आणि हाताला काम. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं सभासदत्व, बागेतला हास्यक्लब, भजनी मंडळ किंवा हरिपाठ, सोसायटीतल्या गच्चीवर चार कुंड्या, यांतलं जे त्यांच्या स्वभावाला रुचेल ते निवडा. पहिल्या चार वेळा तुम्ही सोबत जा. नव्या ठिकाणी सत्तरीचा माणूस आपणहून ओळखी काढत नाही. दूध, भाजी आणायचं काम त्यांच्याकडे द्या आणि त्यासाठी लागणारे पैसे त्यांच्या हातात ठेवा. दर वेळी मागावे लागले तर ते काम सुटतं. खिशात नाव, मुलाचा नंबर आणि पत्ता लिहिलेलं कार्ड असू द्या. सारख्या दिसणाऱ्या इमारतींत चांगली माणसंही चुकतात.

नातवंड सांभाळणं

आईला बोलावलंच बाळासाठी असेल, तर स्पष्ट बोलून घ्या. दहा किलोचं मूल दिवसभर उचलणं हे गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या बाईला झेपणारं काम नाही. तिच्या कामाचे तास ठरवा, दुपारी झोपेची वेळ ठेवा, जड कामाला बाई लावा आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा द्या. नातवाच्या लसीची तारीख पाठ असते, तशी आजीच्या डोळे-तपासणीची तारीखही कॅलेंडरवर हवी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी वृद्धांसाठीही असतात. मधुमेह, दमा, हृदयविकार असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि घरात लहान मूल असताना ती टाळणं बरं नाही. मिश्री किंवा तंबाखू असेल तर तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसताच दंतवैद्याला दाखवा.

कार्डं, पेन्शन आणि घर-जमीन

सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्यातून एका कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे, भरती होऊन घ्यायचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. हे कार्ड देशभर चालतं, म्हणजे लातूरला काढलेलं पुण्यात चालतं. वय आधारवरून धरलं जातं, तेव्हा आधारवरची जन्मतारीख आणि मोबाइल नंबर गावी असतानाच तपासून घ्या. शेतात राबलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत, ही अडचण नेहमीची आहे. अशा वेळी चेहऱ्याने ओळख पटवायची सोय विचारा. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, त्यासाठी रेशनकार्ड सोबत आणा.

श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे महिना १,५०० रुपये मिळत असतील, तर आधारवरचा पत्ता बदलण्याआधी तहसील कार्यालयात विचारा आणि हयातीचा दाखला वेळेवर द्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांना तो मोबाइलवरून चेहरा दाखवूनही देता येतो.

गावचं घर किंवा शेत विकायची घाई करू नका. आधी सहा महिने राहून पाहा. परत जायला घर आहे, हा विश्वास असला की पुण्यातही माणूस रुळतो. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायचंच असेल, तर ‘देखभाल करण्याच्या अटीवर’ असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अट पाळली नाही तर ते रद्द करून मागता येतं. तक्रार उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात चालते. कसल्याही अडचणीत ज्येष्ठांनी स्वतः १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा.

जाणं-येणं आणि उन्हाळा

लातूर ते पुणे सव्वातीनशे किलोमीटर, नांदेडहून त्याहून बरंच जास्त. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७४ वयाच्यांना आणि सर्व महिलांना निम्मं भाडं. तरी गुडघे, लघवी आणि पायांची सूज पाहता रेल्वे बरी. आरक्षण करताना खालचा बर्थ मिळावा हे नमूद करा. साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळीशीपुढच्या महिलांना त्यात प्राधान्य असतं. तासाभराने उठून चार पावलं चाला, नाहीतर बसल्या जागी घोटे हलवत राहा. इन्सुलिन थंड पिशवीत, पण बर्फाला चिकटणार नाही असं ठेवा. सारखी लघवी होते म्हणून लघवीची गोळी परस्पर चुकवू नका, प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे आधी विचारून घ्या.

एप्रिल-मे महिन्यांत लग्नकार्यासाठी गावी जाणं होतं, तेव्हा जास्त जपावं लागतं. काही महिने पुण्यात काढलेलं शरीर नांदेडच्या उन्हाला सरावलेलं नसतं. वय वाढलं की तहानही कमी लागते, त्यामुळे तहान लागेपर्यंत थांबून चालत नाही. अकरा ते चार घरात राहा, ठरावीक वेळाने पाणी किंवा ताक घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती मर्यादा आणि लघवीच्या गोळीचा डोस जाण्याआधी डॉक्टरकडून ठरवून घ्या. बडबड, ताप, कोरडी त्वचा दिसली तर सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

वाट न पाहता रुग्णालय गाठा

पुढचं फ्रिजवर लिहून चिकटवा, सोबत सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि १०८:

- तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षण किती वाजता दिसलं ते लिहून ठेवा.
- छातीत दडपण, दम लागणं, दरदरून घाम. मधुमेही वृद्धांना हृदयविकारात छातीत दुखेलच असं नाही. नुसती अचानक दमछाक किंवा मळमळही पुरेशी खूण आहे.
- कालपर्यंत नीट असलेला माणूस आज भ्रमिष्टासारखा वागणं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, साखर किंवा सोडियम कमी होणं ही त्यामागची नेहमीची कारणं. ‘म्हातारचळ’ म्हणून थांबू नका.
- पडल्यावर पाय टेकता न येणं. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागणं, जखम दिसत नसली तरीही.

तीन महिन्यांनी

तीन महिने झाले की एका सुटीच्या दिवशी सगळ्यांनी वही घेऊन बसा. वजन, रक्तदाब आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी आल्या दिवसाच्या आकड्यांशी ताडून पाहा. मग आई-वडिलांना विचारा: या महिन्यात घराबाहेर किती दिवस गेलात, नवी ओळख कुणाशी झाली, रात्री झोप लागते का, आणि इथे राहायचं की परत जायचं? उत्तर ‘परत जायचं’ असेल तर तो मुलांचा अपमान समजू नका. त्याचीही तयारी याच यादीने करा. गावी कोण रोज डोकावेल, गोळ्या कोण आणेल, रात्री-अपरात्री गाडी कुणाची मिळेल, मुख्य डॉक्टर कोण, हे नावानिशी वहीत लिहा आणि ती माणसं खरोखर तयार आहेत का हे त्यांना फोन करून विचारा. उत्तर ‘इथेच’ असेल तर पुढच्या तीन महिन्यांसाठी डोळे, दात आणि कान यांच्या तपासणीच्या तारखा त्याच बैठकीत ठरवून टाका.